मोटारीतली अक्कम्मा

नागरत्नाबाईंच्या पुढच्या खोलीत खिळे चार होते आणि फोटो तीन. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा भिंतीचा गिलावा वाळतो न वाळतो तोच त्यांच्या मालकांनी, गुरुशांतप्पांनी, हातोडी मागून घेतली आणि चारही खिळे स्वतः ठोकले. टीव्ही कुठं ठेवायचा ते त्या दिवशी ठरलेलं नव्हतं, पण येणाऱ्या सुनेचा फोटो कुठं लागणार ते ठरलेलं होतं. पोरगा, प्रशांतकुमार, तेव्हा आठवीत नापास होण्याच्या खटपटीत होता.

पहिला फोटो अक्कम्माचा. अक्कम्मा म्हणजे गुरुशांतप्पांची आजी. उघड्या टपाची काळी मोटार, चारी कोपऱ्यांना केळीचे खांब, खांबांवर झेंडूच्या माळा आणि मागच्या गादीवर एकटीच बसलेली, अंगभर दागिने ल्यालेली अक्कम्मा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्यावर कुंकू. पाठ ताठ. काखेखालून छातीवर आडवा गेलेला, चार बोटं रुंद असा पांढरा पट्टा. ही अक्कम्माची वरात, असं घरातलं शेंबडं पोरही सांगायचं. मानमोडीची साथ आली त्या साली, एकोणीसशे अठरात, निजामाच्या राज्यातल्या त्या कोपऱ्यात बाकीची माणसं एक तर बैलगाडीतून जात होती नाहीतर खांद्यावरून. अशा वेळी मल्लप्पांनी आपली नवरी मोटारीतून आणली. सगळ्या भालकी तालुक्यात पहिली मोटार आमच्या दारात, हे वाक्य त्या घरात मिठासारखं वापरलं जायचं.

मोटार कुठली, यावर मात्र एकमत नव्हतं. फोटोच्या चारी बाजूंनी रुंद पुठ्ठ्याची चौकट होती आणि मोटारीचं तोंड नेमकं त्या पुठ्ठ्याआड गेलं होतं. एक जावई शेवरलेट म्हणायचे, तुरीचे अडते डॉज म्हणायचे. गाणगापूरला निघालेला एक पाहुणा तर चहा पिता पिता रोल्स रॉईस म्हणून गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. फोटो कुणी उतरवून बघितला नाही, कारण तो उतरवायचा नाही अशी सासऱ्यांची, गुरप्पांची, सक्त ताकीद होती.

दुसरा फोटो सासूचा, कमलम्मांचा. छकड्यात बसलेल्या. तिसरा नागरत्नाबाईंचा, अँबेसेडरच्या मागच्या सीटवर. दोघींच्याही छातीवर तोच पांढरा पट्टा. कारण त्या घरात येणाऱ्या नवरीसाठी रीतच तशी होती. गाडी दाराशी आली की नवरीनं लगेच उतरायचं नाही. घरच्या लेकीनं तिच्या काखेखालून अक्कम्माचा पट्टा घालून मागं गाठ मारायची. नवरीनं अक्कम्मासारखं ताठ बसायचं, फोटो निघेपर्यंत डोळा लववायचा नाही. मग घरच्या मोठ्या माणसानं गाठ सोडायची आणि नवरीनं उठून उंबरा ओलांडायचा. आजूबाजूच्या गावांत असलं काही नव्हतं. लोक कौतुकानं बघायला यायचे.

नागरत्नाबाईंना त्या फोटोची भीती वाटायची. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून वाटायची. तिन्हीसांजेला दिवा लावून त्या फोटोंपुढून सरकू लागल्या की काखेखाली कुणी तरी हळूहळू आवळत नेल्यासारखं व्हायचं आणि श्वास अर्ध्यातच अडायचा. बिदरच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, काही नाही म्हणाले, गॅस म्हणाले. त्यांना एक स्वप्नही पडायचं. आपण मोटारीत बसलोय, समोर घराचं दार उघडं आहे, आतून माणसांचा आवाज येतोय, आणि उतरता येत नाही. बस, एवढंच. त्यात कुणी मारत नव्हतं की धावून येत नव्हतं, तरी जाग आल्यावर घाम पुसायला पदर पुरायचा नाही. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. सुनेनं सासरच्या फोटोला भ्यावं, ही काय बोलायची गोष्ट आहे?

आणि आता चौथ्या खिळ्याची वेळ आली होती. प्रशांतकुमार कोळारच्या कारखान्यात सुपरवायझर झाला होता. गुलबर्ग्याची शिवकन्या, कॉलेजात शिकवणारी, हसरी आणि भडाभडा बोलणारी पोरगी, घरात येणार होती. तुरी निघाल्या की लग्न. नागरत्नाबाईंच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: या पोरीला तो पट्टा बांधू द्यायचा नाही. पण कारण काय सांगणार? गुरुशांतप्पांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची थोरली बहीण भागम्मा मात्र ऐंशीच्या घरात असूनही खणखणीत होती आणि पट्टा तिच्याच पेटीत असायचा. मला गुदमरतं म्हणून रीत मोडा, असं तिला सांगितलं असतं तर तिनं आधी ओवा खायला दिला असता.

त्यात प्रशांतकुमारनं भर घातली. नवरीला आणायचं तर अक्कम्माच्याच मोटारीतून, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. लग्नांना जुन्या मोटारी भाड्यानं देणारे हैदराबादचे खाजासाब त्यानं शोधून काढले आणि फोटोचा फोटो काढून त्यांना पाठवला. खाजासाबांचा उलटा फोन आला.

"मुंडी दिखाव भाई," ते म्हणाले. "मुंडी देखे बगैर पहचानते क्या किसी को?"

म्हणून एका रविवारी सकाळी प्रशांतकुमारनं फोटो भिंतीवरून उतरवला. नागरत्नाबाई नको नको म्हणेपर्यंत तो टेबलावर पालथा पडलासुद्धा. मागचे बारीक खिळे त्यानं पकडीनं उपसले, फळी काढली, काच बाजूला ठेवली आणि पुठ्ठा अलगद सोडवला.

पुठ्ठ्याखालच्या भागाला ऊन कधी लागलेलं नव्हतं. तिथला रंग गडद होता, आणि बाकीचा फोटो त्याच्यापुढं धुक्यातला वाटत होता. डाव्या बाजूला मोटारीचं तोंड निघालं: जाळी, दोन गोल दिवे, पुढं दोन पट्ट्यांचा बंपर. मोटारीच्या पुढं एक जंगमस्वामी तोंडाला शंख लावून उभे होते आणि त्यांच्या शेजारी एक जण घंटा धरून. उजव्या बाजूला टपाची लोखंडी कमान होती. अक्कम्माच्या छातीवरून गेलेल्या पट्ट्याचं टोक त्या कमानीला गाठ मारून बांधलेलं होतं.

"अव्वा, बग की, मोटारीचं तोंड!" प्रशांतकुमारनं लगेच फोटो काढून पाठवला.

फोन लगेच आला. त्यानं तो मोठ्या आवाजावर लावला. "फोर्ड है," खाजासाब म्हणाले. "ए मॉडल. तारां के चाकां, डबल पट्टी का बंपर. मेरे पास हैच. रंग भी कालाच है. शादी कौनसे साल की थी?"

"अठराची," प्रशांतकुमार अभिमानानं म्हणाला.

पलीकडून हसू आलं. "नै भाई. अठरा में कां से आती? ये गाडी अमरीका में बाजार में उतरतेच अठ्ठाईस का साल लग गया था. दस साल का फरक है. हिसाब फिर से करो."

फोन ठेवल्यावर प्रशांतकुमारनं खांदे उडवले. "साल चुकलं असंल. जुनी मानसं, कुनाला ध्यानात राहतंय. गाडी मिळाली, बास झालं."

नागरत्नाबाईंनी मनाशी हिशोब घातला. साल चुकणं शक्य नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या वेळी आपण सव्वीस वर्षांचे होतो आणि कडेवर भागम्माला घेऊन उदगीरच्या वाटेनं पळालो, हे सासऱ्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की ते घरातल्या मांजरालाही पाठ असेल. म्हणजे अठ्ठावीस साली सासरे सहा वर्षांचे होते. सहा वर्षांच्या पोराची आई केळीच्या खांबांत नवरी होऊन कशाला बसेल? आणि अक्कम्मा तर सासरे लहान असतानाच बाळंतपणात गेली होती.

त्या फोटोवर वाकल्या. शंख आणि घंटा. कमानीला बांधलेला पट्टा. ती गाठ त्यांनी पाहिली होती. चार वर्षांपूर्वी याच खोलीत पाहिली होती.

त्यांच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. न्हाऊमाखू घालून, विभूती लावून, नवे कपडे नेसवून बसवतात. सवाशीण असेल तर नवरीसारखी नटवतात. बसलेल्यालाच केळीच्या खांबांच्या विमानात घालून, पुढं शंख-घंटा वाजवत शेतात नेतात आणि बसल्याच समाधी देतात. गुरुशांतप्पांना त्यांनी या भिंतीला टेकवून बसवलं होतं. मान आणि खांदे ढळू नयेत म्हणून काखेखालून पांढरा पट्टा घालून तो खिडकीच्या गजाला बांधला होता. भेटायला आलेला एक जण म्हणालाही होता, की नवरदेवासारखे दिसायलेत.

नागरत्नाबाई खुर्चीत बसल्या. अक्कम्मा लाजली म्हणून खाली बघतेय, असं सगळे म्हणायचे. ती लाजलेली नव्हती. नव्वदहून जास्त वर्षं या घरानं मेलेल्या बाईला नवरी म्हणून भिंतीवर बसवलं होतं आणि घरात येणाऱ्या जित्या पोरींना तिच्यासारखं बसायला शिकवलं होतं. त्यातली एक त्या स्वतः होत्या. अंगावर सरसरून काटा आला आणि पाठोपाठ राग आला. इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

"अव्वा, पुठ्ठा लावून देऊ का परत?" प्रशांतकुमारनं विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता न्हाई लावायचा."

भागम्मा लग्नाच्या आधी आठवडाभर राहायला आली. पत्र्याची पेटी, मशेरीची डबी आणि येता येता कंडक्टरशी केलेलं भांडण, एवढं सामान. दुपारी बायका कडक भाकरी थापत होत्या त्या थोड्या वेळानं पांगल्या आणि मागच्या पडवीत दोघी नणंदा-भावजया उरल्या. नागरत्नाबाईंनी आतून फोटो आणला आणि भाकरीच्या टोपलीवर ठेवला.

भागम्मानं तो हातात घेतला नाही. नुसती बघत राहिली.

"पुठ्ठा कोन काढलं?" तिनं विचारलं.

"तुमाला ठाव हुतं, अक्का?"

भागम्मानं मशेरीचं बोट पुसलं. "अप्पा जाताना सांगितले. ज्याला कळंल त्याला कळू दे म्हनले. आपन हून बोलायचं न्हाई म्हनले."

मग ती सांगत गेली.

अक्कम्मा दुसऱ्या खेपेला अडली. सुइणीनं हात टेकले तेव्हा मल्लप्पांनी तिला बैलगाडीत घालून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. वाट मोठी, त्यात नदी-नाले. पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. आई गेली, पोटातलंही गेलं. आता परत बैलगाडीतून कसं आणणार? मल्लप्पांनी तिथल्या एका व्यापाऱ्याची मोटार मागून घेतली. तिथंच न्हाऊ घालून, नटवून, मोटारीचंच विमान केलं. खड्ड्याखुड्ड्यांत ती पडू नये म्हणून पट्ट्यानं टपाला बांधली. फोटोवाल्यानं फोटो काढला तो निघायच्या आधी, तिथंच.

"जित्तेपनी बैलगाडी," भागम्मा म्हणाली, "अन् मेल्यावर मोटार. नशीब बग."

"अन् मामा?" नागरत्नाबाई सासऱ्यांना मामा म्हणायच्या.

"अप्पा दारात हुते. सा वर्साचं लेकरू. आई बाळ आनायला गेली म्हनून वाट बगायलेलं. मोटार कवा बगितली न्हवती त्येनं. त्यात आई बसलेली, नटूनथटून. पळत गेलं अन् म्हनलं, ऊठ अव्वा, घर आलं."

पडवीत भाकरीचा धूर होता. भागम्मानं डोळे मिटून घेतले.

"कुनी बोललं न्हाई. समदी मान खाली घालून उभी. पोरगं आपलं परत परत म्हनायलंय, ऊठ, घर आलं. मंग मल्लप्पाअज्जानं गाठ सोडली. गाठ सुटली तशी ती कलली. पोराच्या अंगावर."

मग भागम्मानं उरलेलं सांगितलं. पोरगं त्यानंतर बोलेना. आई कुठंय विचारीना, जेवायलाही मागेना. तेव्हा मल्लप्पांनी फोटोच्या कडा पुठ्ठ्यानं झाकल्या, भिंतीला लावला आणि पोराला सांगितलं, ही बघ, ही तुझ्या आईची वरात. गावालाही हळूहळू तेच सांगितलं. गावालाही ते ऐकायला बरं वाटलं.

"अन् मामांनी ते खरं मानलं?"

"मानलं कशाला? त्येला समदं याद हुतं. पर बापाला बरं वाटावं म्हनून मानल्यावानी केलं. बाप मरेस्तवर केलं."

नागरत्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही त्यांना राग आला. "मंग आमाला कामून बांधलं, अक्का? आमचा काय गुन्हा?"

"आमची अव्वा लगीन हून आली तवा अप्पानं पयल्यांदा बांधला. आपल्या हातानं गाठ सोडली अन् म्हनले, ऊठ, घर आलं. अन् अव्वा उठली. कलली न्हाई. उठून, उंबरा वलांडून आत गेली. त्या दिवशी अप्पा पोटभर जेवले म्हनं. लहानपनापासून पयल्यांदा."

आणि नागरत्नाबाईंना आपली अँबेसेडर आठवली. आत उकडत होतं, शेला टोचत होता. मागून सासऱ्यांची बोटं गाठीशी झटत होती आणि गाठ काही केल्या सुटत नव्हती, कारण ती बोटं थरथरत होती. मग पट्टा सैल झाला आणि कानाशी आवाज आला, ऊठ, घर आलं. त्या उठल्या होत्या. मागं वळून बघितलं तेव्हा पिकल्या मिशांचा तो माणूस गाडीच्या दाराला धरून हमसून हमसून रडत होता. सून आली म्हणून आनंदानं रडतोय, असं सगळे म्हणाले होते. त्यांनाही तसंच वाटलं होतं. किती चांगल्या घरात आपण आलो, असं त्या मनाशी म्हणाल्या होत्या.

"तुमचा अप्पा सुटला," त्या म्हणाल्या. "माजं काय? त्या दिवसापासून माजा जीव घुसमटायलाय. दिवा लावायला गेलं की काखंखाली कोनतर आवळतंय. सपनात त्याच मोटारीत बसायली मी. उतरता येत न्हाई."

सांगून टाकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आता ओवा मिळणार, असं वाटून त्यांनी मान खाली घातली. पण भागम्मा त्यांच्याकडं डोळे फाडून बघत होती.

"आमची अव्वाबी हेच म्हनायची," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"हेच. तिन्हीसांजंला काखंखाली आवळतंय म्हनायची. मोटारीचं सपान पडतंय म्हनायची. छकड्यातनं आलेली बाई ती. उभ्या जन्मात मोटारीत बसली न्हवती."

भर दुपार होती. अंगणात ऊन होतं, कोंबड्या फिरत होत्या, पुढच्या खोलीत प्रशांतकुमार मंडपवाल्याशी फोनवर वाद घालत होता. तरीही दोघी एकमेकींच्या जवळ सरकल्या.

थोड्या वेळानं भागम्मानं पेटी ओढली आणि कापराच्या वासाचा पट्टा काढून टोपलीत ठेवला. पिवळा पडलेला, मऊ झालेला, चार बोटं रुंद.

"हा त्योच हाय?" नागरत्नाबाईंनी विचारलं. खरं तर त्यांना ठाऊक होतं.

"त्योच. पोरगं सोडंना मुठीतनं. मंग राहिला." भागम्मा जरा ताठ झाली. "बसवण्णाच्या घरात सुतक न्हाई, इटाळ न्हाई. तवा नाक मुरडू नको. अप्पाला शब्द दिलाय मी, हुबी हाय तवर बांधीन म्हनून. पोरीला एकदा बांधू. शेवटचं. मंग तुला काय करायचं ते कर."

"अन् गाठ कोन सोडंल?"

"घरचं मोठं मानूस. आता तूच की."

नागरत्नाबाईंनी पट्टा टोपलीतून उचलून मांडीवर घेतला. "अक्कम्माची समाधी कुठं हाय?" एवढंच विचारलं.

"लिंबाखाली. नाव घातलं न्हाई. पोराला कळंल म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेतात गेल्या. बांधाच्या कडेला तीन गद्दुग्या, समाधीचे ओटे, ओळीनं होत्या, मल्लप्पांची, गुरप्पांची, गुरुशांतप्पांची. चुना लावलेल्या, नावं घातलेल्या. लिंब तिथून लांब होता. त्याच्याखाली एक सपाट धोंडा होता. नवी नवरी म्हणून आल्यापासून त्या राबायला आल्या की याच धोंड्यावर भाकरीचं गाठोडं ठेवायच्या, याच्यावर बसून जेवायच्या आणि पाय पसरून बसलं की इथं बरं वाटतं म्हणायच्या. त्यांनी खुरप्यानं धोंड्याच्या पायथ्याशी माती उकरली, पट्टा घडी करून आत ठेवला, विभूती टाकली आणि माती लोटली. तोंडातून शब्द फुटला नाही. पण उठल्या तेव्हा छातीत गार वारा गेल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं, असं मनाशी म्हणत त्या घरी आल्या.

लग्न गुलबर्ग्याला धूमधडाक्यात झालं. परतीला सगळी मंडळी बसनं आणि जीपनं आधी आली. खाजासाबांनी मोटार ट्रकवर घालून फाट्यापर्यंत आणली होती. तिथून घरापर्यंत नवरा-नवरी मोटारीतून येणार होते. नागरत्नाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. भागम्मा शेजारी येऊन उभी राहिली.

"पट्टा?" तिनं विचारलं.

"जिचा हुता तिला दिला."

भागम्मानं ओठ घट्ट मिटले. ती रागावली की सुटली, ते कळलं नाही.

मग मोटारीचा आवाज आला. कोपऱ्यावरून ती वळली आणि नागरत्नाबाईंच्या हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं. प्रशांतकुमारनं हौसेनं फोटो बघून बघून हुबेहूब सजवून घेतली होती. चारी कोपऱ्यांना केळीचे खांब, खांबांवर झेंडूच्या माळा. प्रशांतकुमार पुढं, खाजासाबांच्या शेजारी. मागच्या गादीवर एकटी शिवकन्या, कपाळावर विभूती, पाठ ताठ, नजर जराशी खाली. छातीवर काहीच नव्हतं आणि तरीही ती बांधल्यासारखी बसली होती.

मोटार थांबली. वाजंत्री थांबली. फोटोवाल्यानं फोटो काढले. प्रशांतकुमार खाली उतरला, त्यानं मागचं दार उघडलं आणि "चल" म्हणाला. शिवकन्या हलली नाही. तो पुन्हा म्हणाला. भडाभडा बोलणारी ती पोरगी नुसती समोर बघत राहिली. गर्दीतल्या बायका कौतुकानं कुजबुजल्या, लाजलीय.

नागरत्नाबाईंच्या काखेखाली आवळलं. इतकं की डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांनी ताट भागम्माच्या हातात दिलं आणि मोटारीशी गेल्या. शिवकन्येच्या खांद्याला हात लावायचा धीर होत नव्हता, कारण हात लावला आणि ती कलली तर? सहा वर्षांचं एक लेकरू आपल्या आत उभं आहे आणि तेच आता बोलणार आहे, असं त्यांना वाटलं. त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "घर आलं."

शिवकन्येची पापणी लवली. तिनं मान वळवली आणि कसनुसं हसली. "अत्ती, दोनी पायाला मुंग्या आल्यात. फाट्यापासून हलू नको म्हनलेत हे, फुलं पडतील म्हनून. हात द्या की."

लोक खदाखदा हसले. प्रशांतकुमारचे कान लाल झाले. नागरत्नाबाईंनी हात पुढं केला. पोरीचा हात गरम होता, घामेजलेला होता, आणि तो त्यांनी गरजेपेक्षा जास्त जोरात धरला. शिवकन्या लंगडत उतरली, लंगडत उंबऱ्यापर्यंत गेली आणि आत शिरली. तिच्यामागं सगळी गर्दी आत गेली. भागम्माही डोळे पुसत आत गेली.

नागरत्नाबाई मात्र तिथंच राहिल्या. आवळणं गेलं नव्हतं. पट्टा मातीत गेला, पोरगी सुखरूप घरात गेली, मग आता काय राहिलं? त्यांनी मोटारीत बघितलं. गादी रिकामी होती. झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि तापलेल्या इंजिनाचा वास येत होता.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. लेकरानं ऊठ म्हटलं ते आई जिती आहे असं समजून. त्यानंतर जे म्हटलं गेलं ते दुसऱ्याच पोरींना. आधी कमलम्माला, मग आपल्याला, आणि आता शिवकन्येला. तिच्या शेताला रोज जाणारे, तिच्या फोटोला दिवा लावणारे, तिच्या मोटारीचा अभिमान सांगणारे सगळे घरात गेले होते. ती मेलीय हे जाणून, तिचं नाव घेऊन, तिला घरात कुणी बोलावलंच नव्हतं. ती वाट बघत बसली होती, आणि नवी नवरी आली की तिच्यात बसून उतरायला बघत होती.

त्या वाकल्या. आवाज बाहेर जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "अक्कम्मा, ऊठ. तुझं पोरगं गेलं पुढं. घर आलं बाई."

खाजासाब पुढच्या सीटवरून मागं वळले. "अम्मा, और कोई उतरना है क्या?"

"हाय," नागरत्नाबाई म्हणाल्या. "थांबा जरा."

खाजासाबांनी इंजिन बंद केलं. नागरत्नाबाई दार हातानं धरून उभ्या राहिल्या, म्हातारं माणूस उतरताना आपण धरतो तसं. आतून शिवकन्येचं हसू ऐकू आलं. मग त्यांनी एक लांब, पुरा श्वास घेतला आणि दार सावकाश लावून घेतलं.